हुंकारासाठी जागा

प्रश्न विचारून झाला की बाई तोंड खिडकीकडे फिरवत. उजव्या हाताची तीन बोटे वर असत. एक बोट मिटे, मग दुसरे, मग तिसरे. तेवढ्या वेळात वर्गात कोणी बोलायचे नाही. पाहुण्यांनी तर नाहीच. एखादा पाहुणा मुलांना उत्तर सुचवू लागला, तर बाई मान न वळवता म्हणत, "थांबा. घाई कुणाला आहे?"

असे म्हणणाऱ्या बाई स्वतः मात्र इतक्या भराभर चालत की त्यांच्याबरोबर वाडीचा चढ चढताना मला एकही प्रश्न पुरा विचारता आला नाही. ही विसंगती त्यांना कोणी दाखवली की त्या म्हणत, "पाय माझे आहेत. उत्तर त्यांचं आहे."

बोटे मिटण्याची ती खूण मी शेवटची पाहिली ती मुरबाडला, शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात. दोन हजारचे दशक सरत आले होते. शहरातून आलेला एक तरुण प्रशिक्षक लॅपटॉप उघडून 'पॉडकास्ट' समजावून सांगत होता. पाठ आवाजात मुद्रित करायचा, त्याचे भाग पाडायचे, आणि मुलांनी तो हवा तेव्हा, हवा तितक्यांदा ऐकायचा. त्याने नमुना म्हणून फुलपाखरावरचा एक पाठ लावला. आवाज सुरेख होता, मागे बासरी होती. आठ मिनिटे तो आवाज एकदाही थांबला नाही.

तिसऱ्या रांगेतून बाईंनी हात वर केला. तेव्हा त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरले होते. "छान आहे," त्या म्हणाल्या. "पण ऐकणाऱ्याने बोलायचं कुठे?"

"मॅडम, हे वन-वे असतं. मुलं फक्त ऐकतात."

बाईंनी तीन बोटे वर केली आणि खिडकीकडे पाहिले. प्रशिक्षकाला काही उमगेना. मागच्या बाकावरून शहापूरचे एक गुरुजी म्हणाले, "सर, बाईंनी हे कॅसेटवर केलंय. तुम्ही तेव्हा चौथीत असाल."

सभागृह हसले. प्रशिक्षक चांगला माणूस होता. त्याने लॅपटॉप मिटला, खाली येऊन रिकाम्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मग तुम्हीच सांगा."

बाईंनी दहा मिनिटांत सांगितले. त्यांनी जे गाळले ते मला माहीत होते, कारण त्यातले बरेचसे मी समोर उभा राहून पाहिले होते. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

उंबरमाळीच्या वरच्या अंगाला, रुळांपासून तासाभराच्या चढावर एक वाडी आहे. तिथली शाळा म्हणजे एक खोली आणि एक पडवी. इयत्ता चार, शिक्षक दोन. पैकी दुसरे शिक्षक बहुतेक कागदावर असत. कधी मतदार याद्यांच्या कामाला, कधी प्रशिक्षणाला, आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या बदलीच्या खटपटीत. चारही वर्ग बाईंच्या अंगावर होते.

बाई वाशिंदच्या बौद्धवाड्यातल्या. वडील कसाऱ्याच्या बाजूला रेल्वेत गँगमन होते. उंबरमाळीला तेव्हा धड फलाट नव्हता. गाडी थांबायची ती मुख्यतः रेल्वेच्या माणसांसाठी. बाई साडी वर खोचून खडीवर उतरत आणि मागे न बघता चालू लागत. रुळांची भीती त्यांना वाटत नसे. त्या म्हणत, "आमच्या बापाने बसवलेत."

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी जिल्ह्याच्या एका दैनिकासाठी शहापूरहून बातम्या पाठवत असे. शिक्षक नसलेल्या शाळांवर लिहायचे म्हणून मी ती वाडी गाठली. शाळा दिसण्याआधी बाईंचा आवाज ऐकू आला, आणि तो दोन ठिकाणांहून येत होता. पडवीत 'क, का, कि' चालले होते, आणि त्याच आवाजात आत सातचा पाढा चालला होता. मी आत डोकावलो. स्टुलावर एक टू-इन-वन, रेडिओ आणि टेप एकत्र असलेला, ठेवला होता. त्याच्याभोवती तिसरीची दहाबारा मुले मांडी घालून बसली होती. यंत्रातल्या बाई म्हणाल्या, "सात त्रिक?" आणि गप्प झाल्या. मुले ओरडली, "एकवीस!" यंत्रातल्या बाई म्हणाल्या, "शाबास."

पडवीतल्या बाईंनी मला विचारले, "काय काम आहे?"

मी म्हणालो, "इथे शिक्षक कमी आहेत असं ऐकलं."

"होते," बाई म्हणाल्या. "आता एक वाढवलाय."

तो टू-इन-वन त्यांना लग्नात भावाने दिला होता. सासरी तो काचेच्या कपाटात होता. बाईंनी तो पिशवीत घालून वाडीवर आणला. वाडीत वीज नव्हती. उतरलेले सेल त्या खिडकीत उन्हाला ठेवत. तसे केले की सेलात अर्ध्या पाठापुरता जीव येतो, हे त्यांनी मला फार गंभीरपणे सांगितले, आणि नंतर मी ते घरी करून पाहिले. खरे आहे.

पण पहिला प्रयत्न साफ फसला होता. हे त्यांनीच सांगितले. सुरुवातीला त्यांनी पाठ्यपुस्तकातला धडा न थांबता, स्वच्छ उच्चारांत वाचून मुद्रित केला. कॅसेट लावून त्या पडवीत गेल्या. पाच मिनिटांनी आत आल्या तर अर्धी मुले एकमेकांच्या केसांत उवा शोधत होती. सोनी नावाच्या मुलीने तर यंत्रच बंद करून टाकले होते.

"कशाला बंद केलंस?"

"ह्यो थांबत नाय, बाय," सोनी म्हणाली. "आमी हुं कवा म्हनाचा?"

"हुं कशाला म्हणायचा?"

"मंग त्याला कळनार कसा, आमी आयकतो का झोपलो?"

वाडीवर गोष्ट सांगायची तर आधी हुं देणारा ठरवावा लागतो. सांगणारा एक वाक्य सांगून थांबतो. हुं देणारा 'हुं' म्हणतो. मग पुढचे वाक्य. हुं आला नाही की गोष्ट तिथेच थांबते. ऐकत नसलेल्यांपुढे बोलत राहणारा माणूस तिथे अर्धवट समजला जातो. मुलांनी यंत्राविषयी नेमके तेच मत करून घेतले होते.

बाईंनी सगळ्या कॅसेट पुसल्या आणि पुन्हा भरल्या. प्रत्येक वाक्यानंतर हुंकाराएवढी जागा सोडली. प्रश्नानंतर मोठी जागा, तीन बोटे मिटेपर्यंत. पुस्तकातले वाक्य आले की त्यामागून तेच वाक्य वाडीच्या बोलीत येई. त्या घरी वाशिंदला स्वयंपाकघराचे दार लावून मुद्रण करत. मागे कुकरची शिट्टी, शेजारचा कोंबडा आणि एकदा नवऱ्याचे "अगं, चहा?" हेही मुद्रित झाले. 'अगं, चहा?' आले की चौथीचा अख्खा वर्ग न चुकता "हुं" म्हणत असे.

आता मुख्य गोष्ट.

भात झोडून झाले आणि दिवाळी उलटली की वाडीतली निम्मी घरे वीटभट्ट्यांवर जात. रस्त्यावर ट्रक येई. मडकी, गोधड्या, कोंबड्या, माणसे त्यात चढत आणि कल्याण-भिवंडीकडच्या भट्ट्यांवर उतरत. परतायला मे उजाडे. त्यांच्याबरोबर मुले जात. बाई हजेरीपटावर त्यांच्या नावांपुढे रोज फुली मारत आणि जूनमध्ये तीच मुले पुन्हा त्याच इयत्तेत बसवत. सोनी तिसरीत दोनदा बसली होती.

त्या वर्षी नवे शिक्षण विस्तार अधिकारी आले. माणूस नियमाने चालणारा, कोणाचा चहासुद्धा न पिणारा. त्यांनी पहिल्याच फेरीत बाईंना सांगितले की दीर्घकाळ गैरहजर असणाऱ्या मुलांची नावे जानेवारीअखेर पटावरून कमी करा. तिसरी-चौथीची मिळून अशी अकरा नावे होती. एकदा नाव कमी झाले की भट्टीवरून आलेले मूल पुन्हा शाळेत आणणे किती कठीण, हे बाईंना माहीत होते. चौथीतून असे गेलेले एकही मूल त्यांनी पुढे पाचवीत पाहिले नव्हते.

ट्रक निघण्याच्या दिवशी बाई रस्त्यावर गेल्या. सोनीच्या आईच्या, रखमीच्या हातात त्यांनी चार कॅसेट ठेवल्या.

"ह्यांचा काय करू, बाय?"

"भट्टीवर मुकादमाकडे टेप आहे ना?"

"हाय की. गानी वाजवतो दिसभर."

"त्यात घालायच्या. रोज एक. मुलांना बसवायचं."

"आन् मुकादम नाय बोल्ला तर?"

"तर त्याला म्हणावं, बाई स्वतः येणार आहेत."

रखमीने कॅसेट कमरेला खोचल्या. धमकी पुरेशी ठरली.

कॅसेट बदलण्याची सोय हसनभाईंनी केली. विटा भाजायला भाताचा तूस लागतो. शहापूरच्या भातगिरण्यांतला तूस हसनभाईंचा ट्रक भट्ट्यांवर नेई. जाताना ते बाईंच्या नव्या कॅसेट नेत, येताना जुन्या आणत. पहिल्या खेपेला त्यांनी वाटेत कॅसेट स्वतःच्या टेपमध्ये घालून पाहिली. परत आल्यावर त्यांनी बाईंकडे तक्रार केली, "बाईजी, गाना तो एक भी नहीं निकला. लेकिन सात का पाढा अपुन का फिट हो गया." मग जरा ओशाळून म्हणाले, "वो आप बीच में रुकते हो ना, तो मूं से अपने आप हुं निकलता है. क्लीनर हसता है मेरे पे."

परत आलेली पहिली कॅसेट बाईंनी शाळेत लावली तेव्हा मी तिथे होतो. भट्टीवरच्या मुलांवर चार ओळी लिहायच्या म्हणून गेलो होतो. कॅसेट सुरू झाली. बाईंचा आवाज आला, "एका टोपलीत सात करवंदं." मग खट्ट असा आवाज, आणि त्यामागून दहा-अकरा मुलांचा मिळून मोठा "हुं!" मग पुन्हा खट्ट, आणि बाईंचे पुढचे वाक्य, पण शेपटाकडून अर्धे: "...टोपल्या. करवंदं किती?" खट्ट. "एकवीस, बाय!" मागे कुत्रे भुंकत होते. मग एका पुरुषाचा आवाज, "ए पोरांनो, माजी गानी कुठं गेली रे?"

बाईंनी बटण दाबून टेप थांबवली. चेहरा लाल झाला होता. "पाठ पुसला," त्या म्हणाल्या. "रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलंय मेल्यांनी."

त्यांनी पुन्हा लावली. या वेळी शेवटपर्यंत ऐकली. मग तिसऱ्यांदा लावली आणि हळूच स्टुलावर टेकल्या.

मुलांनी कॅसेट खराब केली नव्हती. त्यांच्या समजुतीने त्यांनी आपले कर्तव्य केले होते. बाई उंबरमाळीला, आपण भट्टीवर. इथे तोंडाने दिलेला हुं तिथे बाईंना पोहोचणार कसा? म्हणून दर जागेला त्यांनी लाल बटण दाबून हुं भरला आणि कॅसेट परत पाठवली. त्या गडबडीत बाईंची वाक्ये खाल्ली गेली, एवढेच.

"ह्यांनी मला पोच दिली," बाई म्हणाल्या.

पुढच्या कॅसेटच्या सुरुवातीला बाईंनी हजेरी घेतली. अकरा नावे, प्रत्येक नावापुढे मोठी जागा. लाल बटण केव्हा दाबायचे आणि केव्हा सोडायचे, हा त्या कॅसेटवरचा पहिला पाठ होता.

जानेवारीत बाई तालुक्याला विस्तार अधिकाऱ्यांच्या कचेरीत गेल्या. मी दुसऱ्या एका बातमीसाठी तिथेच बसलो होतो. बाईंनी पिशवीतून टू-इन-वन काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि आधी स्वतःकडची, मुलांचे आवाज नसलेली प्रत लावली.

"एका टोपलीत सात करवंदं. अशा तीन टोपल्या. करवंदं किती?"

शांतता.

"बरोबर. आता चार टोपल्या."

शांतता.

साहेबांनी चष्मा वर केला. "कोण बरोबर? काय बरोबर? बाई, तुमची कॅसेट खराब आहे."

कोपऱ्यातला कारकून तोंडावर हात ठेवून हसला. बाईंनी त्याच्याकडे पाहिले नाही. त्यांनी दुसरी कॅसेट घातली. ती भट्टीवरून आली होती.

"सोनी?"

"हजर, बाय!"

"किसन?"

"हजर!"

"काळू?"

"हजर बाय, मी हितंच हाय!"

अकरा नावे झाली. अकरा हजर आले. त्यानंतर, नाव न पुकारता, एक जाड आवाज आला, "हाजिर, बाईजी!"

"हा कोण?" साहेबांनी विचारले.

"हसनभाई. तुसाचा ट्रक चालवतात. त्यांचं नाव पटावर नाही."

कारकुनाचे हसणे या वेळी आवरले नाही, पण साहेब हसले नाहीत. त्यांनी ती बाजू पुरी ऐकली. करवंदांच्या टोपल्या नऊपर्यंत गेल्या. एकदा उत्तर चुकले. मुलांमध्ये तिथल्या तिथे भांडण झाले, कोणीतरी कोणाला गुद्दा घातला आणि उत्तर सुधारले गेले. सगळे कॅसेटवर होते.

"टेपवरची हजेरी नियमात बसत नाही," साहेब शेवटी म्हणाले.

"माहीत आहे."

"मुलं तिथे शिकताहेत हे मी कशावरून मानायचं?"

"परीक्षा घ्या."

साहेबांनी टेबलावरच्या पेन्सिलीचे टोक पाहिले. "एप्रिलमध्ये मी स्वतः येईन. अकराच्या अकरा हजर पाहिजेत, आणि अकराच्या अकरा पास. एक जरी कमी पडला तर मला नियमाने जावं लागेल. तोवर नावं राहू देत."

बाई बाहेर आल्या. टू-इन-वनची पिशवी खांद्यावर टाकून एसटी स्टँडकडे निघाल्या. मी गाठून विचारले, "सगळे पास होतील?"

"काळूचा भागाकार कच्चा आहे," त्या म्हणाल्या आणि चालण्याचा वेग वाढवला.

फेब्रुवारी आणि मार्चमध्ये हसनभाईंच्या हातून जितक्या कॅसेट गेल्या त्यांतल्या निम्म्या भागाकाराच्या होत्या. परत आलेल्या कॅसेटवर काळूचा आवाज वेगळा ओळखू यायचा. तो उत्तर देण्याआधी मोठ्याने नाक ओढत असे.

परीक्षेच्या दिवशी सकाळी हसनभाईंचा रिकामा ट्रक अकरा मुलांना घेऊन आला. मुकादम सोडायला तयार नव्हता. रखमीने त्याला काय सांगितले ते कळले नाही, तो एवढेच म्हणाला होता म्हणे, "ने बाई, ने." मुलांच्या केसांत तूस होता, पायांना लाल माती. बाईंनी त्यांना ओळीने विहिरीवर उभे करून धुतले आणि पडवीत बसवले.

साहेब दहा वाजता चढ चढून आले. त्यांनी पाणी घेतले नाही. पुस्तकाबाहेरचा एक उतारा त्यांनी वाचायला घेतला. मुलांनी तो ऐकून उत्तरे द्यायची होती.

"एका गावात एक कुंभार होता."

"हुं," अकरा मुले म्हणाली.

साहेब थबकले. पुन्हा वाचू लागले. "त्याच्याकडे दोन गाढवं होती."

"हुं."

साहेबांनी कागद खाली ठेवला. "ही काय थट्टा आहे?"

दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी तोंड उघडले आणि मिटले. त्यांची बोटे मिटताना मला दिसली. एक, दोन, तीन.

सोनी उभी राहिली. "साहेब, थांबलाव कशाला? आमी हुं दिला ना."

"म्हणजे?"

"म्हंजी आमी आयकतो. तुमी फुडं सांगा."

साहेबांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी खिडकीकडे पाहिले. मग साहेबांनी कागद उचलला. "एक गाढव पुढे चाले, एक मागे." आणि ते स्वतःहून थांबले. हुं आला. पुढच्या वाक्यापासून ते गोष्ट वाचत नव्हते, सांगत होते. मागचे गाढव रुसून बसले तिथे त्यांनी आवाजही बदलला. मला वाटते, आपले बोलणे अकरा जण एकदम इतक्या मनापासून ऐकत आहेत, हे त्यांच्या नोकरीत त्या दिवशी पहिल्यांदा घडले.

उत्तरे सगळी आली. मग लेखी. 'आपल्या गावाविषयी पाच ओळी लिहा' या प्रश्नावर किसनने हात वर केला.

"कुठला गाव, साहेब? ह्यो का भट्टीवरला?"

साहेब म्हणाले, "तुला जो लिहावासा वाटेल तो."

किसनने भट्टी लिहिली. विटा कशा थापतात, उलटतात, रचतात. पाच ओळी मागितल्या होत्या. त्याने पाठपोट पान भरले.

दुपारी साहेब पडवीत बसून लाल पेन्सिलीने पेपर तपासत होते. तेवढ्या वेळात बाईंनी शाळा दोनदा झाडली. घाई कुणाला आहे, असे त्या दिवशी त्यांना विचारण्याची माझी छाती झाली नाही. काळूचा पेपर साहेबांनी दोनदा पाहिला. चार भागाकारांपैकी दोन चुकले होते. तिसऱ्यात उत्तर बरोबर होते, पण पायरी गाळली होती.

"ही पायरी कुठे गेली?"

काळूने नाक ओढले. "ती तोंडात केली, साहेब."

"आता करून दाखव. तोंडात नको, मोठ्याने."

काळूने करून दाखवली. साहेबांनी खूण केली, बेरीज केली आणि पट मागितला. अकरा नावांखाली त्यांनी आडवी रेघ मारली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिले: 'ही नावे कमी करू नयेत. मुले शिकत आहेत.' खाली सही.

बाईंनी ती ओळ वाचली. मग मोठ्याने वाचली. मग पट घेऊन त्या उताराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खाली रस्त्यावर हसनभाईंचा ट्रक थांबला होता. मुलांना त्याच दिवशी भट्टीवर परत न्यायचे होते. खालून आवाज आला, "बाईजी! क्या हुआ?"

"सगळे पास!" बाई ओरडल्या. त्यांना ओरडताना मी तेवढे एकदाच ऐकले.

हसनभाईंनी भोंगा दाबला आणि सोडलाच नाही. त्या दरीत भोंग्याचा आवाज किती वेळ फिरतो हे तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला राहिले असेल तर ठाऊक असेल. साहेबांनी कानांवर हात ठेवले, आणि मग बाईंच्या माठातले पाणी मागून घेतले.

माझी बातमी चार ओळींची छापून आली. मथळा होता, 'वाडीच्या शाळेचा निकाल समाधानकारक'.

त्या अकरांतली चौथीची सहा मुले जूनमध्ये पाचवीला गेली. त्यांतली सोनी आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहायला गेली. त्याच महिन्यात बाईंची बदली मुरबाड तालुक्यात झाली. बदली नेहमीची होती. बाईंनी तक्रार केली नाही. टू-इन-वन त्यांनी वाडीच्या शाळेत ठेवला आणि पावती मागितली नाही.

दिवाळी झाली. भात झोडून झाले. नेहमीप्रमाणे रस्त्यावर भट्टीचा ट्रक आला. मी त्या वर्षी स्थलांतरावर मोठे काही लिहायचे ठरवले होते, म्हणून सकाळपासून तिथे होतो. सामान चढले. कोंबड्यांच्या टोपल्या चढल्या. माणसे मात्र चढेनात. तीसएक जण रस्त्याच्या कडेला बसून राहिले. सगळ्यांत पुढे रखमी, शेजारी तिची धाकटी मुलगी चिमी. चिमी तेव्हा दुसरीत होती.

"चला, चढा!" मुकादम म्हणाला. "टाइम झाला."

"कॅसेटी आल्या?" रखमीने विचारले.

"कसल्या कॅसेटी?"

"बायच्या."

"अगो, बाय मुरबाडला गेली. नवीन मास्तर हाय ना तुमाला?"

"मास्तर हाय. कॅसेटी येनार हायत. बायनं सांगावा धाडलाय. त्या आल्याबिगर आमी चढत नाय."

मुकादम सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत एक फेरी मारून आला. "भट्टीवर टेप हाय, गानी हायत, काय कमी हाय का तुमाला?"

"गानी तुजी तू आयक," रखमी म्हणाली. बायका हसल्या. पुरुषांनी विड्या काढल्या.

मुकादम माझ्याकडे वळला. "पेपरवाले, तुमी तरी सांगा ह्यांना."

माझ्या कामात सांगणे बसत नाही, असे मी त्याला म्हणालो.

दोन तास गेले. मुकादमाने दोनदा ट्रक सुरू करून बंद केला. एकदा तर तो माणसांशिवायच पन्नास पावले पुढे नेला. कोणी उठले नाही, म्हणून मागे आणला. बाई मुरबाडला होत्या आणि उसन्या टेपवर भरलेल्या कॅसेटचा डबा त्यांनी सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिला होता. एसटी किन्हवलीला पंक्चर झाली होती. हे नंतर कळले. तिथे बसलेल्यांना यातले काही ठाऊक नव्हते. ते नुसते बसून राहिले.

दुपारी तुसाचा ट्रक वळणावर दिसला. हसनभाई शहापूरच्या स्टँडवरून सुतळीने बांधलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले होते. त्यांनी तो खिडकीतून खाली दिला. रखमीने सुतळी सोडली, एक कॅसेट काढून चिमीपुढे धरली.

"काय लिवलाय?"

चिमीने बोट ठेवून वाचले. "दुसरी. ग... गणित. बाजू एक."

"आन् ही?"

"तिसरी. भाषा."

रखमीने डब्याला झाकण लावले, सुतळी पुन्हा बांधली आणि डबा मडक्यांत न ठेवता पदरात घेतला. मग ती ट्रकमध्ये चढली. तिच्यामागून चिमी चढली, मग बाकीच्या बायका, मुले, पुरुष. मुकादम शेवटी चढला.